चुकल्याची सुकेळी

जिनिव्हाजवळ जमिनीखाली बांधलेलं ते मोठं यंत्र पहिल्यांदा सुरू व्हायचं होतं, त्याच्या आदल्या दिवशी विरारजवळ बोळिंजला आमच्या घराच्या फाटकाशी सकाळपासून माणसं येत होती. यंत्राचं बटण दाबलं की एक छोटं कृष्णविवर तयार होईल आणि पृथ्वी त्यात गडप होईल, असं टीव्हीवर दिवसभर सांगत होते. या विषयातला जाणकार आमच्या भागात एकच होता आणि तो आमच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होता. त्याला सगळे 'कणवाले सर' म्हणायचे.

सर गॅलरीत लुंगी लावून खुर्चीत बसले होते आणि वरूनच उत्तरं देत होते. नव्या कॉम्प्लेक्समधल्या एका गृहस्थांच्या मुलीचा साखरपुडा परवावर आला होता. तो पुढे ढकलावा का, असं त्यांनी विचारलं.

"मुलगा कसा आहे?" सरांनी विचारलं.

"चांगला आहे. बँकेत आहे."

"मग करून टाका. वाईट असता तर मीच म्हटलं असतं, थोडं थांबून बघा."

एका बाईंच्या सासूने धास्तीने जेवण सोडलं होतं. तिच्यासाठी मात्र सर खाली उतरले, शर्ट घालून तिच्या घरी गेले आणि शेजारी बसून म्हणाले, "आजी, ते यंत्र चालवणाऱ्यांतले दोघे माझ्या ओळखीचे आहेत. त्यांची बायकापोरं तिथेच, यंत्राच्या डोक्यावर राहतात. धोका असता तर त्यांनी आधी त्यांना माहेरी नसतं का पाठवलं?" आजीने लगेच पेज मागितली.

परत येताना ते वाटेतल्या गणपतीच्या मांडवात शिरले. त्या मांडवाच्या लाउडस्पीकरने आठवडाभर आमचे कान किटले होते. सरांनी मंडळाच्या पोरांना गंभीर चेहऱ्याने सांगितलं, की ते यंत्र फार नाजूक असतं, त्याला कंपनं अजिबात चालत नाहीत. पोरांनी एकमेकांकडे पाहिलं आणि लाउडस्पीकर बंद केला, तो दुसऱ्या दिवशी जग शाबूत असल्याचं नक्की होईपर्यंत.

"तुम्ही त्यांना फसवलंत," मी म्हणालो.

"मी खोटं काय बोललो? कंपनं त्याला चालतच नाहीत. मी फक्त अंतर सांगितलं नाही."

सर असेच होते. त्यांच्या बोलण्यात खोटं कधी सापडायचं नाही, पण त्यांच्यासमोर उभ्या माणसाला आपली काहीतरी गंमत केली जातेय असं सारखं वाटत राहायचं.

ते आमच्याकडे आले नव्वदीच्या सुरुवातीला. मी तेव्हा विरारच्या एका शाळेत मराठीचा मास्तर म्हणून नुकताच लागलो होतो. वडिलांची केळीची आणि पानवेलीची वाडी होती. घरावर मजला चढवून ठेवला होता, आणि तो बघायला सर आणि त्यांची बायको आले. आम्ही सगळेच पुढे त्यांना वहिनी म्हणायला लागलो. वडिलांनी भाडेकरूला विचारायचे ते प्रश्न विचारले.

"साहेब, तुमी काम काय करता?"

"विचार करतो."

"त्याचा पगार मिळतो?"

"मिळतो. दर महिन्याला."

वडिलांनी सरांना एकदा नीट न्याहाळलं. मग त्यांनी वहिनींकडे वळून विचारलं, "आनि तुमी?"

"मी मुंबईला फोर्टात सरकारी ऑफिसात आहे," वहिनी म्हणाल्या. त्यावर वडिलांनी किल्ली दिली. पुढे ते आईला सांगताना मी ऐकलं, "बाईची नोकरी पक्की हाय. त्याचं काय सांगता येत नाय. विचार करनं बंद झालं त मंग काय?"

सरांची संस्थाही मुंबईलाच होती, समुद्राच्या काठी. पण त्यांना रोज जावं लागायचं नाही. जायचे नाहीत त्या दिवशी ते वाडीत फिरायचे. चपला हातात घेऊन चालायचे, कारण चपलांच्या आवाजाने त्यांचं गणित चुकायचं. 'काय चाललंय?' असं कुणी विचारलं तर त्यांचं ठरलेलं उत्तर होतं, "अजून कळलं नाही." वाडीत काम करणाऱ्या बायकांना ते इतकं आवडलं, की त्याही एकमेकींना तसंच उत्तर द्यायला लागल्या.

एकदा त्यांच्याजवळचा कागद संपला आणि मनात चाललेलं मोडू नये म्हणून त्यांनी ते नखाने केळीच्या पानावर लिहून काढलं. ओरखडा ताज्या पानावर दिसत नाही, थोड्या वेळाने तपकिरी होऊन उठतो. तोवर वडिलांनी ती पानं कापून माणिकपूरच्या एका घरी सत्यनारायणासाठी पोचवलीसुद्धा. दुपारी तिथला माणूस सायकल मारत आला. एका पानावर कुणीतरी काहीतरी करून ठेवलंय, म्हणाला, गुरुजी पूजेला बसायला तयार नाहीत. वडिलांनी सरांना रिक्षात घातलं आणि नेलं. मीही गेलो.

घरातली माणसं भिंतीला टेकून उभी होती आणि पान पाटावर एकटंच पडलं होतं. सरांनी ते उचलून आनंदाने म्हटलं, "हे इथे आहे होय."

"ही कुठली लिपी?" गुरुजींनी विचारलं.

"ग्रीक."

"शुभ आहे की अशुभ?"

सरांनी पान उजेडाकडे धरून नीट पाहिलं. "अजून कळलं नाही," ते म्हणाले. "आठवडाभरात सांगतो."

गुरुजींनी दुसरं पान मागवलं. प्रसाद मात्र सरांनी दोनदा घेतला. त्यानंतर वडिलांनी त्यांच्यासाठी वाडीतल्या खोपीत एक जुनी फळी आणि खडू आणून ठेवले. "साहेब, आता पानावर लिवू नका," एवढंच ते बोलले.

वर्षाअखेरीला सरांना संस्थेकडे संशोधनाचा अहवाल द्यावा लागायचा. वडिलांनाही तेव्हा वाडीचा हिशेब लागलेला असायचा. मग दोघे ओट्यावर बसून एकमेकांची विचारपूस करायचे.

"यंदा काय पिकलं?"

"दोन पेपर."

"गेल्या साली?"

"तीन."

"मंजे यंदा पीक कमी."

"तिसऱ्याला कीड लागली. अर्ध्यावरच सोडून दिला."

"होतं तसं," वडील म्हणायचे. त्या पेपरांचं पुढे काय होतं, कोण वाचतं, हे त्यांनी पहिल्या वर्षीच विचारून घेतलं होतं. जगात मिळून चाळीसेक माणसं वाचतात, हे ऐकून त्यांना वाईट वाटलं होतं. तेवढी तर आमच्या आळीत आहेत, असं ते म्हणाले.

सरांचं नाव त्या चाळीस माणसांत झालं होतं ते एका कणामुळे. तरुणपणी त्यांनी एक पेपर लिहिला होता. प्रयोगांत एक आकडा हिशेबापेक्षा किंचित वेगळा येत होता. आतापर्यंत कुणालाच न दिसलेला एक कण असला पाहिजे, तो असेल तर हा फरक सुटतो, असं त्यांनी गणिताने दाखवलं होतं. तेव्हापासून निरनिराळ्या देशांतली माणसं तो शोधत होती आणि तो सापडत नव्हता. नाही सापडला की सर नवा हिशेब करून म्हणायचे, तो आपल्याला वाटला त्यापेक्षा जड असणार, पुढच्या मोठ्या यंत्रात दिसेल. आमच्या घरात त्या कणाला 'पाहुणा' असं नाव पडलं होतं. आई भांडी घासताना वर हाक मारून विचारायची, "पावना आला का?" आणि सर गॅलरीतून सांगायचे, "निघालाय. वाटेत आहे."

एकदा वहिनी मला म्हणाल्या होत्या, "माझ्या लग्नात तो कण येणार होता. अजून येतोय." पण त्या हे हसत म्हणायच्या. त्यांना त्या कणाकडून एक गोष्ट हवी होती. त्याच्या जोरावर सरांना बढती मिळाली असती, आणि बढतीबरोबर संस्थेच्या आवारात राहायला जागा. तिथून वहिनींचं ऑफिस बसने दहा-पंधरा मिनिटांवर होतं. बोळिंजहून त्या सकाळी अंधारात निघायच्या आणि संध्याकाळी घरी आल्या की आधी आमच्या ओट्यावर बसून कंबर दाबायच्या. वर चढायचं बळ यायला वेळ लागायचा. आई त्यांना चहा द्यायची. एका वर्षी बढतीच्या मुलाखतीचं पत्र आलं आणि सर नक्की निवडले जाणार असं सगळे म्हणायला लागले, तेव्हा वहिनींनी पडद्यांचं कापडसुद्धा बघून ठेवलं.

मुलाखतीला महिना असताना सर एका सकाळी खाली आले. वडील ओट्यावर केळीच्या खोडाच्या सोपट्याचे दोर वळत होते. सर त्यांच्यासमोर उकिडवे बसले.

"माझं चुकलंय," ते म्हणाले.

"काय?"

"पाहुण्याचं. जुन्या गणितात एका ठिकाणी चिन्ह उलटं पडलंय. दोन गोष्टी मी मिळवल्या, त्या एकमेकींतून वजा व्हायला हव्या होत्या. वजा केल्या की काहीच उरत नाही. पाहुण्याची गरजच नाही."

वडिलांनी दोर बाजूला ठेवला. "आनखी कोनाला म्हाईत हाय?"

"कोणालाच नाही. परवाच सापडलं."

"मंग गप बसा."

वडिलांनी दोर पुन्हा हातात घेतला.

"मुलाखत होऊ द्या," वडील म्हणाले. "जागा मिळू द्या. मंग सांगा चुकलं म्हनून. चूक काय पळून जाते?"

"तिकडे माणसं त्याच्यावर काम करतायत."

"करू द्या म्हैनाभर आजून. इतकी वर्सं करतातच ना?"

सरांनी बराच विचार केला. "मुद्दा बिनतोड आहे," ते म्हणाले आणि वर गेले. वडिलांना वाटलं, पटलं. दुसऱ्या दिवशी सर संस्थेत गेले, चार पानांचा पेपर लिहून, 'माझ्या अमुक पेपरातली चूक' असं सरळ नाव देऊन, कॉम्प्युटरवरून जगभर पाठवून आले.

घरी आल्यावर त्यांनी ते वहिनींना सांगितलं. वरचा आवाज आम्हाला खाली ऐकू आला. वहिनी ओरडल्या नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या, "चुकलात तुम्ही, आणि कंबर मोडायची माझी?"

पुढचे काही दिवस त्या सरांशी बोलल्या नाहीत. काही सांगायचं असलं तर खाली येऊन आईला सांगायच्या, "त्यांना सांगा, गॅस संपलाय." आई वर तोंड करून सांगायची. सर वरून म्हणायचे, "ऐकलं म्हणावं."

त्या रविवारी सरांनी वडिलांकडून सुकेळी मागितली. आमच्याकडे राजेळी केळी उन्हात वाळवून, पानात बांधून सुकेळी करतात. आगाशीच्या बाजूला तर ती घरोघर होतात.

"कशाला?" वडिलांनी विचारलं.

"वाटायचीयत. चूक सापडली म्हणून."

"चुकल्याची सुकेळी कोन वाटतं?"

"बरोबर आल्याचे पेढे सगळेच वाटतात. आणि पेढे मला आवडत नाहीत."

ते खरोखर टोपली घेऊन आळीत घरोघर गेले. लोक विचारायचे, कशाबद्दल? सर सांगायचे, मी बरीच वर्षं चुकत होतो, ते परवा कळलं. निम्म्या लोकांना वाटलं बढती मिळाली. कोपऱ्यावरच्या पेन्शनर काकांनी दोन्ही हातांनी सुकेळं घेतलं आणि मनापासून म्हणाले, "अभिनंदन. पुढच्या वर्षीही असंच होवो."

आईने त्यातली दोन बाजूला काढून फडताळात ठेवली. तीन-चार दिवसांनी वहिनी कामावरून आल्या, त्यांनी स्वतःच फडताळ उघडलं, एक सोडलं आणि उभ्या उभ्या खाल्लं. "चांगली झालीत," त्या आईला म्हणाल्या. "पण मी अजून बोलणार नाहीये."

मुलाखतीत काय झालं ते सरांनीच आम्हाला सांगितलं, दोघांचे आवाज काढून. अध्यक्षांनी विचारलं, तुमचं सर्वांत महत्त्वाचं संशोधन कोणतं? सर म्हणाले, गेल्या महिन्यातलं. त्यात काय आहे? त्यात माझं आधीचं महत्त्वाचं संशोधन खोडलंय. मग शिल्लक काय राहिलं? सर म्हणाले, तेच बघतोय. बढती दुसऱ्याला गेली.

ज्या दिवशी हे कळलं त्या संध्याकाळपासून सर स्वयंपाक करायला लागले. कुणी सांगितलं नव्हतं. वहिनी थकून यायच्या तेव्हा वर ताट वाढलेलं असायचं. पहिल्या दिवशी आमटीत मीठ नव्हतं, दुसऱ्या दिवशी दोन दिवसांचं होतं. सर म्हणाले, सरासरी बरोबर आहे. त्यावर वहिनी हसल्या, आणि वरचं बोलणं पुन्हा सुरू झालं.

सगळ्यात जास्त चिडला तो एक ब्राझीलचा माणूस. त्याने सरांच्या कणावर विसंबून सहा-सात पेपर लिहिले होते, आणि ते सगळे एका दिवसात रद्दीत गेले होते. पुढल्या हिवाळ्यात तो मुंबईला परिषदेला आला आणि सरांना जाब विचारायला थेट बोळिंजला. उंच, लाल, घामाने भिजलेला. रिक्षातून उतरला तोच भांडत. सर शांतपणे म्हणाले, आधी जेवून घेऊ. आईने त्याला बसवलं, वाढलं आणि भाजीकडे बोट दाखवून म्हणाली, "घ्या, बटाटा घ्या." तो थांबला. "बटाटा?" म्हणाला. त्याच्या पोर्तुगीजमध्येही तेच होतं. मग आईने पाव दाखवला, मेज दाखवलं, चावी दाखवली. प्रत्येक शब्दाला त्याचा राग थोडा उतरत गेला. वडील मला म्हणाले, "आता इचार, रागाला त्याच्यात काय म्हंतात, ते पन तेच हाय का."

संध्याकाळी त्याला किल्ला बघायचा होता. सर, तो आणि मी वसईला गेलो. किल्ला त्यांनी बघितला नाही. भांडतच दोघे किल्ल्यामागे पाचूबंदरच्या कोळीवाड्यात उतरले. तिथे कोळणींनी जमिनीवर बारीक कोळंबीचा जवळा वाळत घातला होता, गुलाबी, पातळ, सपाट पसरलेला. ब्राझीलवाला म्हणत होता, एक कण नसला तरी त्याच्यासारखा दुसरा असू शकेल. सर म्हणत होते, कुठलाच असू शकणार नाही, दाखवतो. आणि दाखवायला त्यांनी खाली बसून जवळ्यातच बोटाने लिहायला सुरुवात केली. दुसऱ्यानेही बोट घातलं. वळणं काढत दोघे पुढे सरकत गेले.

"ओ भाऊ," एक बाई झाडू घेऊन आल्या. "जवला सुकत घातलाय तो. त्यात काय लिवता?"

"एकच मिनिट, बाई. शेवटची ओळ आहे."

"शेवटची वळ घरी जाऊन लिवा. फुकट आनलाय काय आमी? उठा आदी."

दोघे उठले. बाईंनी दोन फटक्यांत जवळा सारखा केला आणि सगळी सिद्धता गेली. दोघांपैकी कुणीच ती उतरून घेतली नव्हती. परत येताना रिक्षात दोघे ती आठवायला लागले, माणिकपूर येईपर्यंत भांडले, आणि तिथल्या सिग्नलला दोघे एकदम गप्प झाले. आठवता आठवता त्यांना आधीपेक्षा छोटी वाट सापडली होती. असा कुठलाच कण का असू शकत नाही, हे दोघांनी मिळून लिहिलेल्या पेपरात शेवटी आभार आहेत, त्यात पाचूबंदरच्या एका बाईंचे आहेत, 'ज्यांनी आमची लांबलचक सिद्धता झाडून टाकली'. तोच पेपर पुढे चाळीसपेक्षा पुष्कळ जास्त माणसांनी वाचला. वडिलांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मंजे नाय त्याचं पीक जास्त आलं."

त्या पेपरावर सरांना काही वर्षांनी बढती मिळाली. संस्थेच्या आवारातली जागाही मिळाली. मधल्या काळात वहिनींनी खटपट करून वसईच्या ऑफिसात बदली करून घेतली होती. आता त्या चालत रिक्षा स्टँडपर्यंत जायच्या आणि संध्याकाळी ताज्यातवान्या परत यायच्या. पण जागेचं पत्र आल्यावर सर म्हणाले, निर्णय तुझा, मागच्या वेळी मी घेतला होता. वहिनी एका शनिवारी जागा बघायला एकट्या गेल्या.

त्या येईपर्यंत सरांनी वाट पाहिली नाही. त्यांना ती जागा फार हवी होती, हे आम्हाला तेव्हाच कळलं. तिथे लायब्ररी इमारतीखालीच होती, फळे लावलेल्या खोल्या दिवसरात्र उघड्या. वडिलांकडून केळ्यांची रिकामी खोकी घेऊन त्यांनी सकाळपासून पुस्तकं भरायला सुरुवात केली होती. दुपारपर्यंत जिन्यात खोक्यांची रांग लागली. शिट्टी वाजवत होते. सरांना शिट्टी वाजवता येते हे आम्हाला माहीत नव्हतं.

चारच्या सुमाराला वहिनी आल्या. ओट्यावर बसल्या, आईकडून पाणी घेतलं. सर जिन्यात हातात खोकं घेऊन उभे.

"कशी आहे?" त्यांनी विचारलं.

"छान आहे. समोर समुद्र. वारा आहे. स्वयंपाकघर मोठं आहे."

"मग?"

"नको म्हणून सांगून आले."

वडिलांनी मान वर केली. आई पदर तोंडाला लावून आत गेली.

"का?" सर म्हणाले.

"मागची तुम्ही घालवलीत," वहिनी म्हणाल्या. "ही माझी."

सर खोकं घेऊन तसेच उभे राहिले. त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी पुढे किती वेळा आठवलं. समोरचा माणूस आपली गंमत करतोय की काय हे न कळणाऱ्या माणसाचा चेहरा. तो आम्ही सगळ्यांनी अनेकदा केला होता. त्यांना मात्र तो नवा होता.

"विचार करून सांगितलंस?" त्यांनी शेवटी विचारलं.

"त्याचा पगार मला मिळत नाही," वहिनी म्हणाल्या. मग त्या वर गेल्या, गॅलरीतल्या सरांच्या खुर्चीत बसल्या, समोरच्या कठड्यावर पाय ठेवले, आणि सर खोकी एकेक करून पुन्हा वर नेत होते ते दिवे लागेपर्यंत बघत राहिल्या.